अमेरिकेतील लहान शहरांमधील ऐतिहासिक वास्तुपरिसरांचे जतन : गलीना, मॅडिसन, केप मे आणि निकोडेमस यांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वास्तुजतनाचा इतिहास सामान्यतः थोर पुरुषांच्या निवासस्थानांपासून सांगितला जातो. १८५३ साली अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील घर वाचविण्यासाठी महिलांची संघटना उभी केली. १९२६ पासून जॉन डी. रॉकफेलर (कनिष्ठ) यांच्या आर्थिक साहाय्याने व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीची पुनर्बांधणी सुरू झाली. या दोन्ही उपक्रमांत राष्ट्रनिर्मितीची स्मृती जपणे हा मुख्य हेतू होता. विल्यम्सबर्गमध्ये तर अठराव्या शतकाचे रूप पुन्हा उभे करण्यासाठी नंतरच्या काळातील शेकडो इमारती पाडण्यात आल्या. सामान्य शहरातील सामान्य दुकानदाराची इमारत, कारागिराचे घर किंवा खाणकामगाराची वस्ती यांना जतनाच्या या कल्पनेत स्थान नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. एकेका वास्तूऐवजी संपूर्ण वास्तुपरिसर हा जतनाचा घटक मानला जाऊ लागला आणि काही हजार लोकवस्तीची लहान शहरे या चळवळीच्या केंद्रस्थानी आली. मात्र ही शहरे मुळात टिकून कशी राहिली, त्यांना टिकविण्याची किंमत कोणी मोजली आणि टिकवलेल्या वास्तूंमधून कोणाचा इतिहास वाचला जातो, हे प्रश्न वास्तूंच्या सौंदर्यवर्णनात अनेकदा मागे पडतात. प्रस्तुत लेखात चार लहान वस्त्यांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अमेरिकेतील लहान शहरांच्या बाजाररस्त्यांची वास्तुरचना व तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. वास्तुजतनासंबंधीच्या कायद्यांचे स्वरूप व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३. निवडक शहरांच्या आधारे जतनाचे आर्थिक व सामाजिक परिणाम तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. इलिनॉय राज्यातील गलीना, इंडियाना राज्यातील मॅडिसन, न्यू जर्सी राज्यातील केप मे आणि कॅन्सस राज्यातील निकोडेमस या वस्त्यांची निवड त्यांच्या भिन्न आर्थिक पायांमुळे करण्यात आली आहे. खाण, नदीव्यापार, समुद्रकिनारी पर्यटन आणि शेती असे हे चार पाय होत.

बाजाररस्त्याची वास्तुरचना

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लहान शहराचा कणा म्हणजे त्याचा मुख्य बाजाररस्ता. या रस्त्यावरील भूखंड दर्शनी बाजूस अरुंद आणि मागे लांबवर गेलेले असत. त्यामुळे इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या आणि दोन इमारतींमध्ये सामाईक भिंत आली. सुरुवातीची लाकडी दुकाने आगीत वारंवार भस्मसात होत. त्यामुळे अनेक नगरपालिकांनी बाजारभागात विटांचे किंवा दगडाचे बांधकाम सक्तीचे केले. आज जी बाजारपेठ एकसंध व देखणी वाटते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा आगीची भीती होती.

तळमजल्यावर दुकान आणि वर कचेऱ्या, बिऱ्हाडे किंवा एखाद्या संघटनेचे सभागृह, अशी या इमारतींची सर्वसाधारण विभागणी असे. बिडाच्या बारीक खांबांमुळे तळमजल्याची भिंत मोकळी करता आली आणि तेथे मोठ्या काचा बसल्या. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर कमानी आणि छताच्या कडेला ठळक कंगणी असे. ही शोभा नेहमी स्थानिक कारागिराच्याच हातची असे असे नाही. सेंट लुईस व इव्हान्सव्हिल येथील मेस्कर घराण्याचे कारखाने बिडाचे खांब आणि ठसे उमटवलेल्या पत्र्याचे दर्शनी भाग छापील सूचीवरून विकत असत आणि रेल्वेने दूरच्या गावांना पाठवीत असत. परस्परांपासून शेकडो मैल दूर असलेल्या गावांच्या बाजारपेठा सारख्या दिसतात, त्याचे एक कारण येथे सापडते. स्थानिक अभिमानाची खूण वाटणारी ही वास्तू औद्योगिक उत्पादन व रेल्वे यांचेही अपत्य होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बाजारपेठांना उतरती कळा लागली. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले, मोटारींची संख्या वाढली आणि शहराबाहेर वाहनतळासह मोठी व्यापारी संकुले उभी राहिली. गिऱ्हाईक टिकविण्यासाठी अनेक दुकानदारांनी जुन्या दर्शनी भागावर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण चढवून इमारतीला ‘आधुनिक’ रूप दिले. दुसरीकडे १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये नागरी नूतनीकरणासाठी मिळणाऱ्या संघीय निधीतून जुन्या वस्त्यांचे सरसकट पाडकाम होऊ लागले. जतनाची आधुनिक चळवळ या पाडकामाच्या प्रतिक्रियेतून बळावली.

कायद्याची चौकट

वास्तुपरिसराला स्थानिक नियमांनी संरक्षण देण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग १९३१ साली दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहराने केला. १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक अमेरिकन वास्तूंच्या सर्वेक्षणाने महामंदीत बेरोजगार झालेल्या वास्तुविशारदांना काम दिले आणि देशभरातील वास्तूंची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे जमा केली. १९४९ साली काँग्रेसच्या सनदेने ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ ही संस्था स्थापन झाली. या साऱ्याला राष्ट्रीय धोरणाचे रूप १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याने दिले. १५ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही अस्तित्वात आली आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांबरोबरच राज्य व स्थानिक पातळीवर महत्त्वाच्या स्थळांनाही तीत प्रवेश मिळाला. आज या नोंदवहीत ९५,००० हून अधिक नोंदी आहेत.

या नोंदीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झालेली वास्तू पाडता येत नाही, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तसे नाही. कायद्याच्या १०६ व्या कलमानुसार संघीय निधी, परवाना किंवा प्रकल्प यांचा ऐतिहासिक वास्तूवर होणारा परिणाम विचारात घेणे संबंधित संघीय यंत्रणेवर बंधनकारक आहे. परंतु खासगी मालक स्वतःच्या पैशाने स्वतःची इमारत पाडू लागला, तर राष्ट्रीय नोंद त्याला अडवू शकत नाही. खरा अंकुश स्थानिक नियमावलीत असतो. नगरपालिकेने ऐतिहासिक परिसर घोषित केला असेल तर दर्शनी भागात बदल करण्यापूर्वी मालकाला स्थानिक आयोगाची संमती घ्यावी लागते. अशा निर्बंधांची घटनात्मकता १९७८ साली पेन सेंट्रल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क शहराच्या कायद्याच्या संदर्भात मान्य केली.

निर्बंधांच्या जोडीला आर्थिक प्रोत्साहनही आले. १९७६ च्या कर सुधारणा कायद्याने ऐतिहासिक वास्तूंच्या पुनर्वापराला प्रथमच करसवलत दिली. १९८१ साली प्रमाणित ऐतिहासिक वास्तूच्या दुरुस्तीखर्चाच्या २५ टक्के रक्कम आयकरातून थेट वजा करण्याची मुभा मिळाली. १९८६ साली हे प्रमाण २० टक्के झाले. २०१७ च्या कायद्याने ही सूट एकाच वर्षी न देता पाच वर्षांत विभागून देण्याचे ठरविले. मात्र ही संघीय सवलत केवळ उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेसाठी आहे. स्वतःच्या जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तिचा लाभ होत नाही. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

गलीना : दारिद्र्याने राखलेले शहर

‘गलीना’ हे शिशाच्या खनिजाचे नाव आहे आणि या शहराची कहाणीही त्या खनिजाचीच आहे. मिसिसिपीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी १८२० च्या दशकात खाणकामगारांची वस्ती वाढली. १८४५ च्या सुमारास अमेरिकेतील शिशाचे बहुतांश उत्पादन याच परिसरातून होत होते. आगबोटी थेट शहराच्या धक्क्याला लागत. टेकडीच्या उतारावर विटांची दुकाने व कोठारे आणि त्यांच्या वरच्या अंगाला व्यापाऱ्यांची घरे, अशी रचना आकाराला आली. १८५५ साली डिसोटो हाउस हे मोठे हॉटेल सुरू झाले.

उतारही तितकाच वेगवान होता. वरवरचे खनिज संपत आले, १८४९ नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्याने खाणकामगारांना ओढून नेले, जंगलतोड व खाणकामामुळे नदी गाळाने भरली आणि रेल्वेने नदीव्यापाराचे महत्त्व कमी केले. युलिसिस ग्रँट १८६० साली वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करण्यासाठी येथे आले, तेव्हा शहर वैभवाच्या शिखरावरून खाली येऊ लागले होते. यादवी युद्धातील विजयानंतर १८६५ साली नागरिकांनी ग्रँट यांना भेट दिलेले विटांचे घर आज राज्याच्या ताब्यातील स्मारक आहे. १८६० च्या सुमारास आठ हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३,३०८ इतकी नोंदली गेली.

याच अधोगतीने गलीनाचे वास्तुवैभव राखले. इमारती पाडून नव्या बांधण्याइतके भांडवल कोणाकडे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोकडील काही कलावंत व हौशी मंडळींनी येथील स्वस्त घरे विकत घेऊन दुरुस्त केली, विसाव्या शतकाच्या मध्यास पूरनियंत्रक बांध व दरवाजे उभे राहिले आणि १९६९ साली शहराचा मोठा भाग राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाला. आज पर्यटन हा शहराचा मुख्य आधार आहे. जेथे पूर्वी किराणा, लोखंडी सामान व कापड विकले जाई, तेथे आता भेटवस्तू व खाद्यपदार्थ पर्यटकांना विकले जातात. इमारत तीच राहिली, गिऱ्हाईक मात्र बदलले.

मॅडिसन : संघटित प्रयत्नांचा नमुना

ओहायो नदीकाठी १८०९ साली वसलेले मॅडिसन हे नदी व रेल्वे यांच्या संगमाचे शहर होते. येथून इंडियानापोलिसला जाणारी रेल्वे १८४७ साली पूर्ण झाली आणि मध्य इंडियानाचा शेतमाल व डुकरांचे मांस येथून नदीमार्गे बाहेर जाऊ लागले. बँकर जेम्स लॅनिअर यांच्यासाठी वास्तुविशारद फ्रान्सिस कॉस्टिगन यांनी १८४४ साली पूर्ण केलेली हवेली ग्रीक पुनरुज्जीवन शैलीचा उत्तम नमुना मानली जाते. यादवी युद्धाच्या काळात याच लॅनिअर यांनी राज्य सरकारला मोठी कर्जे दिली. पुढे इतर रेल्वेमार्गांनी मॅडिसनची मक्तेदारी मोडली आणि शहराची वाढ थंडावली. विसाव्या शतकातील नवी वस्ती व दुकाने नदीकाठ सोडून टेकडीवर गेली. जुन्या भागाचा व्यापार त्यामुळे घटला. पण त्याचबरोबर तो भाग पाडकामापासूनही बचावला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची ओळख परदेशी प्रेक्षकांना करून देण्यासाठी सरकारने जो माहितीपट काढला, त्यात नमुनेदार अमेरिकन शहर म्हणून मॅडिसनचीच निवड झाली होती.

मॅडिसनचे वेगळेपण त्याच्या संस्थात्मक प्रयत्नांत आहे. जॉन विंडल व त्यांच्या पत्नी अ‍ॅन यांच्या पुढाकाराने १९६० साली स्थापन झालेल्या ‘हिस्टॉरिक मॅडिसन’ या संस्थेने धोक्यातील वास्तू ताब्यात घेऊन त्या वाचविण्याचे काम केले. १९७७ साली नॅशनल ट्रस्टने मेरी मीन्स यांच्या नेतृत्वाखाली ‘मेन स्ट्रीट’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा मॅडिसन, गेल्सबर्ग व हॉट स्प्रिंग्ज ही तीन शहरे प्रायोगिक तत्त्वावर निवडण्यात आली. तीन वर्षांच्या या प्रयोगात केवळ दर्शनी भागांच्या दुरुस्तीवर भर नव्हता. प्रत्येक शहरात प्रकल्पाचे काम पाहणारा व्यवस्थापक नेमण्यात आला. त्याने दुकानदार, बँका व नगरपालिका यांना एकत्र आणावे, रिकाम्या जागांना भाडेकरू शोधावेत, उत्सव व विक्रीमेळे योजावेत, अशी अपेक्षा होती. संघटन, प्रसिद्धी, वास्तुरूप व आर्थिक पुनर्रचना ही या पद्धतीची चार सूत्रे १९८० नंतर अनेक राज्यांत पोहोचली.

या पद्धतीमागील विचार साधा पण मूलभूत आहे. जुनी इमारत छतगळतीने ढासळते आणि छताची दुरुस्ती भाड्याच्या उत्पन्नातून होते. दुकान रिकामे राहिले तर उत्तम कायदाही इमारत वाचवू शकत नाही. म्हणून दुकानदाराला टिकविणे हेच वास्तूला टिकविणे ठरते. मॅडिसनचा वास्तुपरिसर १९७३ साली राष्ट्रीय नोंदवहीत आणि २००६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक खूणस्थळांच्या श्रेणीत समाविष्ट झाला. शहरातील जॉर्जटाउन या वस्तीकडेही अलीकडच्या दशकांत अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. ओहायो नदी ही गुलामगिरीची राज्ये व मुक्त राज्ये यांची सीमा होती. १८४० च्या दशकात जॉर्ज डीबॅप्टिस्ट या कृष्णवर्णीय केशकर्तनकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी या वस्तीतून पलायन करणाऱ्या गुलामांना साहाय्य केले. लॅनिअर हवेली पाहणाऱ्याला शहराचा हा दुसरा इतिहास त्या हवेलीत दिसत नाही. तो जॉर्जटाउनच्या साध्या घरांमध्ये शोधावा लागतो.

केप मे : जतन व विस्थापन

अटलांटिक किनाऱ्यावरील केप मे हे फिलाडेल्फियाच्या श्रीमंतांचे विश्रामस्थान होते. १८७८ च्या आगीत शहराचा सुमारे ३५ एकर भाग जळाला. पुनर्बांधणीत अवाढव्य हॉटेलांऐवजी लाकडी घरे उभी राहिली आणि व्हिक्टोरियन काळातील नक्षीदार सज्जे, मनोरे व ओसऱ्या यांचा एकत्रित संग्रहच तयार झाला. पुढे इतर किनारी शहरांशी स्पर्धेत मागे पडल्याने येथेही नवे बांधकाम कमी झाले.

मार्च १९६२ च्या वादळाने शहराचे मोठे नुकसान केले. त्यानंतरच्या काळात शहराने नागरी नूतनीकरणाचा संघीय निधी वापरला. १८७९ मधील फिझिक हवेली पाडली जाऊ नये म्हणून १९७० साली नागरिकांनी संस्था स्थापन केली. त्याच वर्षी संपूर्ण शहर राष्ट्रीय नोंदवहीत गेले आणि १९७६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक खूणस्थळाचा दर्जा मिळाला. जतनाच्या इतिहासात ही यशोगाथा म्हणून नोंदली गेली आहे.

या यशोगाथेची दुसरी बाजूही आहे. नूतनीकरणाच्या त्याच योजनेत कृष्णवर्णीय रहिवाशांच्या वस्तीतील अनेक घरे व दुकाने पाडली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारी कुटुंबे शहराबाहेर गेली. ज्या काळात श्रीमंतांच्या उन्हाळी घरांचे सज्जे मोजून नोंदवले जात होते, त्याच काळात त्या घरांत राबणाऱ्यांची घरे निरुपयोगी ठरवली जात होती. हॅरिएट टबमन यांनी १८५० च्या दशकाच्या प्रारंभी केप मे येथे काम करून गुलामांच्या सुटकेसाठी पैसे जमविले होते. त्यांच्या नावाचे संग्रहालय या परिसरात २०२१ साली लोकांसाठी खुले झाले. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२८ साली बांधलेली फ्रँकलिन स्ट्रीट शाळाही जपण्यात आली आहे. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. मात्र संपूर्ण शहराला दर्जा मिळाल्यानंतर तिला सुमारे अर्धशतक लागले.

शहराची कायमस्वरूपी लोकसंख्या २००० साली ४,०३४ होती. २०२० साली ती २,७६८ झाली. उन्हाळी पाहुणे व दुसरे घर म्हणून येथे मालमत्ता घेणारे यांच्या मागणीने घरांच्या किमती वाढल्या की वर्षभर राहणाऱ्या सामान्य रहिवाशाला शहरात टिकणे कठीण होते. गलीनाच्या बाबतीत दारिद्र्याने वास्तू राखल्या. केप मे येथे वास्तू राखल्या गेल्या, परंतु समृद्धीने रहिवासी कमी केले.

निकोडेमस : वास्तूपेक्षा मोठी स्मृती

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात दक्षिणेतून पश्चिमेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या वस्त्यांपैकी कॅन्ससमधील निकोडेमस ही आजवर टिकून राहिलेली वस्ती आहे. १८७७ साली केंटकीहून सुमारे तीनशे लोकांचा तांडा येथे आला. वृक्षहीन गवताळ प्रदेशात त्यांनी पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या निवाऱ्यांत काढला. पुढील दहा वर्षांत दुकाने, हॉटेल, शाळा, चर्च आणि वृत्तपत्रेही उभी राहिली. १८८८ साली रेल्वे सोलोमन नदीच्या पलीकडून गेली, व्यापारी नव्या स्थानकाकडे निघून गेले आणि वस्ती ओसरू लागली.

१९७६ साली निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक खूणस्थळाचा आणि १९९६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. येथे पाच इमारती प्रमुख मानल्या जातात : दोन चर्च, एक हॉटेल, एक शाळा आणि १९३९ साली चुनखडीच्या दगडात बांधलेले नगरसभागृह. वास्तुशैलीच्या निकषावर यांतील एकही इमारत गलीना किंवा केप मे यांच्या तुलनेत उभी राहणार नाही.

राष्ट्रीय नोंदवहीचे निकष येथे तपासून पाहण्यासारखे आहेत. एखादे स्थळ महत्त्वाच्या घटनेशी, महत्त्वाच्या व्यक्तीशी, वास्तुरचनेच्या वैशिष्ट्याशी किंवा ज्ञानप्राप्तीच्या शक्यतेशी निगडित असावे लागते. त्याशिवाय त्याचे मूळ स्वरूप टिकून असावे लागते आणि त्यात साहित्य, कारागिरी व परिसर यांचा विचार होतो. ही दुसरी अट वरवर तटस्थ वाटते. परंतु गरीब समाजाने आपल्या इमारती हाती लागेल त्या साहित्याने दुरुस्त केलेल्या असतात. भिंतीवर गिलावा चढलेला असतो, खिडक्या बदललेल्या असतात. मूळ साहित्य टिकविणे हे बऱ्याचदा संपन्नतेचे किंवा रिकामेपणाचे लक्षण असते, तर सततची डागडुजी हे अखंड वापराचे. निकोडेमसचे मूल्य इमारतींच्या मूळ विटांपेक्षा तेथील सातत्यात आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस देशभर विखुरलेले वंशज मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी गावी परततात आणि कायम रहिवासी अगदी मोजके उरलेले हे गाव पुन्हा गजबजते.

निष्कर्ष

१. लहान शहरांतील वास्तू सुरुवातीला जाणीवपूर्वक धोरणामुळे टिकल्या नाहीत. आर्थिक अधोगतीमुळे नवे बांधकाम न झाल्याने त्या टिकल्या. धोरण नंतर आले.
२. राष्ट्रीय नोंद ही मान्यता आहे, संरक्षण नव्हे. संरक्षण स्थानिक नियमावली, आर्थिक प्रोत्साहन आणि इमारतीचा प्रत्यक्ष वापर या तिन्हींच्या मेळातून मिळते.
३. केवळ उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेला मिळणारी करसवलत आणि पर्यटनावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था यांमुळे जतनाचा लाभ मालक व गुंतवणूकदार यांना अधिक होतो. रहिवाशांना तो आपोआप होत नाही.
४. वास्तुशैली व मूळ स्वरूप या निकषांवर अतिरिक्त भर दिल्यास श्रमिक व वंचित समूहांचा इतिहास नोंदीबाहेर राहतो.

समारोप

गलीना, मॅडिसन, केप मे आणि निकोडेमस यांच्या इतिहासातून वास्तुजतन ही निवडीची प्रक्रिया असल्याचे स्पष्ट होते. काय राखावे हे ठरविताना काय जाऊ द्यावे, हेही ठरत असते. केप मे येथे ही निवड एकाच पिढीत, एकाच शहरात आणि एकाच निधीतून झाल्याने तिचे दोन्ही परिणाम शेजारी शेजारी पाहता येतात. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच उभ्या वास्तूंच्या सूचीइतकेच महत्त्व पाडलेल्या वास्तूंच्या सूचीला दिले पाहिजे. निकोडेमसचे वंशज दरवर्षी ज्या गावी परततात, तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. तरीही ते परततात. वास्तू ही स्मृतीचे साधन आहे आणि त्या साधनाचे मोल ते वापरणाऱ्या समाजामुळे ठरते, हे या लहानशा गावाने मोठ्या वास्तुपरिसरांपेक्षा अधिक स्पष्टपणे दाखवून दिले आहे.